प्रेमलाच्या गुडघ्यातला जुना धागा

सारसोळ्याच्या खाडीत ओहोटीला उतरणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण प्रेमलासारखी बिळात हात किंवा आकडी घालून चिंबोरी, म्हणजे खेकडा, काढणारी दुसरी नव्हती. हे तिच्या वैरिणीसुद्धा कबूल करत, आणि वैरिणी काही कमी नव्हत्या, कारण बाईचं तोंड फटकळ. माहेर तळवलीचं. तिथल्या खाडीकाठच्या खाजणात आईच्या मागे मागे ती सहाव्या-सातव्या वर्षी उतरली ती उतरलीच. लग्न होऊन सारसोळ्याला आली तेव्हा सासूनं, भिमाबाईनं, पहिल्याच आठवड्यात तिला खाडीवर नेऊन पारखलं आणि घरी येऊन मुलाला सांगितलं, "गोटीराम, हिच्या पायाना डोले हायत."

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. खाडीच्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि एकदा गेला की दिसत नाही. डोळे पुढच्या बिळांवर ठेवावे लागतात. खाली घट्ट आहे की पोकळ, शिंपला आहे की तिवराच्या झाडाचं मूळ, हे पायालाच कळावं लागतं. ज्याला कळत नाही त्यानं बांधावर उभं राहून गंमत बघावी. प्रेमलाला कळत असे. पाऊल टाकण्याआधीच तिचा पाय सावरलेला असे, आणि यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

चिखलाचा एक नियम तिथली शेंबडी पोरंही जाणतात. पाय अडकला की वळायचं नाही. आधी खाली बसायचं, मग बोटं खाली करून पाय हळूहळू उपसायचा. नव्या सुनांना हा नियम प्रेमलाच शिकवायची, तोही शिव्यांसकट. आणि १९९५च्या थंडीत तो मोडलाही तिनंच. टोपलीतून अंड्यांनी भरलेली एक टपोरी मादी मागच्या बाजूला सटकली. तसली चिंबोरी सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. उजवा पाय चिखलात रुतलेला होता तसाच ठेवून ती कमरेतून गर्रकन वळली. गुडघ्यात टक् असा आवाज झाला आणि ती तोंडावर पडली. चिंबोरी गेली ती गेलीच. पुढं कितीतरी दिवस गुडघ्यापेक्षा तिला तिचंच दुःख जास्त होतं.

सूज उतरली. लेप झाले, शेक झाले, एक्स-रे झाला. हाडं शाबूत निघाली, तेव्हा सगळ्यांनी गुडघा बरा झाल्याचं जाहीर करून टाकलं. सडकेवर ती नीट चालायचीही. पण चिखलात उतरली की गुडघा आतल्या आत सरकायचा, दाराची बिजागरी निसटावी तसा. तीनदा उतरली, तीनदा पडली. तिसऱ्यांदा तर भरती लागली होती आणि दोघी बायकांनी काखेत हात घालून तिला ओढत आणली. गोटीराम तसा गरीब माणूस. आठवडाभर ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात आणि रविवारी होडीवर. त्या दिवशी मात्र तो ओरडला, "बस झाला! खाडीचा नाव काढायचा नाय."

मग प्रेमला नेरूळच्या बाजारात बसू लागली. दुसऱ्या बायकांनी काढलेल्या चिंबोऱ्या विकायच्या. गिऱ्हाईक विचारी, "तुम्ही पकडल्या का हो?" आणि तिला मान खाली घालून 'नाही' म्हणावं लागे. दीड वर्षं ती हे 'नाही' म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी तिला आतून जळल्यासारखं होई. तिला दुसरं काही नको होतं. पुन्हा खाडीत उतरायचं होतं, स्वतःच्या पायांनी, कुणाचा हात न धरता.

तिच्या गिऱ्हाइकांत क्षिप्रा नावाची एक मुलगी होती. सेक्टरातल्या सोसायटीत राहायची आणि वाशीच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. प्रेमलाची उठण्या-बसण्याची तऱ्हा तिनं दोन-तीनदा पाहिली आणि एके दिवशी चिंबोऱ्या बाजूला ठेवून म्हणाली, "प्रेमलाबाई, टेन्शन घेऊ नका, पाय बघू जरा." तिथंच, माशांच्या पाट्यांमध्ये बसून तिनं प्रेमलाची नडगी धरून पुढं ओढली. नडगी सरकली. क्षिप्राचा चेहरा उतरला. "लिगामेंट गेलंय तुमचं. आमच्या सरांना दाखवू या."

सर म्हणजे डॉक्टर नंदकिशोर परुळेकर. दुर्बिणीतून गुडघा दुरुस्त करणारे तेव्हा मोजकेच होते, त्यांतले हे एक. चाळिशीचे, मृदू बोलणारे आणि स्वच्छतेचे इतके भोक्ते की टेबलावरचं पेनही वाकडं चालत नसे. प्लास्टिकचा गुडघा हातात घेऊन त्यांनी समजावलं. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधणारा एक दोर असतो, तो तुटलाय. मांडीच्या मागच्या स्नायूचा दोर काढून त्याचा नवा करायचा आणि हाडांना भोकं पाडून त्यांत ओवायचा.

"आणि जुन्याचे धागे लोंबत असतील, ते आधी साफ करून टाकतो," ते सहज म्हणाले.

प्रेमला पुढं सरकून बसली. "का?"

या प्रश्नाची डॉक्टरांना सवय नव्हती. "म्हणजे... तुटलेलाच आहे तो."

"सगला मेला?"

"सगळा नसेल. काही धागे चिकटून असतील. पण त्यांच्यात ताकद नाही राहिलेली."

"ताकद नवा देल. जुन्याला कलतंय का, ते सांगा."

"काय कळतंय?"

"पाय कुठं हाय ते," प्रेमला म्हणाली. "डाक्टर, सडकेवर मी डोल्यानी चालतंय. चिखलात डोले काय कामाचे? तिथं आतनं कलावं लागतं. आता मना अर्दंच कलतंय. पन कलतंय. ते अर्दं तुमी कापनार, मग नवा दोर मना सांगनार हाय का पाय कुठं हाय ते?"

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. त्यांनी एका वैद्यकीय मासिकात वाचलं होतं की या दोरात बारीक मज्जातंतूंची टोकं असतात आणि गुडघ्याची स्थिती ती मेंदूला कळवत असतात. मजेशीर आहे, असं म्हणून पान उलटलं होतं. त्यांच्या गुरूंनी जुने धागे साफ केले, त्यांनीही केले. ते ठेवावेत असं शिकताना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता चौथी शिकलेली एक बाई समोर बसून तेच विचारत होती. त्यांना थोडा रागही आला, हे नंतर त्यांनीच कबूल केलं.

तरी माणूस सरळ होता. त्यानं अडचणी लपवल्या नाहीत. एक, जुने धागे ठेवले तर हाडाला भोक नेमकं कुठं पाडायचं ते दिसत नाही. भोक चुकलं की सगळंच चुकलं. दुसरी, जुन्या धाग्यांची गाठ सांध्याच्या पुढं येऊन अडकली तर पाय सरळ होत नाही, आणि मग पुन्हा आत शिरून ते काढावेच लागतात.

"सरल नाय झाला तर काढा," प्रेमला म्हणाली. "पन आदीच काढू नका."

संमतीचा कागद तिच्यासमोर ठेवला तर तिनं पेन उचललं नाही. गोटीरामनं खुणा केल्या, क्षिप्रानं समजावलं. बाई ढिम्म. शेवटी डॉक्टर म्हणाले, "जिवंत असेल तेवढं ठेवीन. मेलेलं काढीन, आणि अडकेल असं वाटलं तेही छाटीन. कबूल?" तेव्हा तिनं पदर सावरला आणि एकेक अक्षर कोरून सही केली.

ऑपरेशन नोव्हेंबर ९७मध्ये झालं. कमरेखाली बधिर केलं होतं, त्यामुळे प्रेमला जागी होती, आणि दुर्बिणीतलं चित्र दाखवणारा टीव्ही नेमका तिला दिसेल असा होता. आपल्याच गुडघ्याचं आतलं बघून दुसऱ्या कुणा बाईनं डोळे मिटले असते. ही मान वर करून बघत होती. पांढरीशुभ्र हाडं, पाणी, आणि मधोमध धुतलेल्या जाळ्यासारखे काही धागे. डॉक्टरांनी एक बारीक आकडी आत घातली आणि धाग्यांना लावून ओढली. काही सैल लोंबले. पण एक पट्टा, साधारण तिसरा हिस्सा, दोन्ही टोकांना धरून होता. ओढला की ताणला जायचा.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमचं खरं निघालं. जिवंत आहे."

प्रेमलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिथं पुसायलाही हात मोकळा नव्हता.

सैल धागे त्यांनी काढले. मांडीचा दोर काढून तयार झाला. नडगीचं भोक पडलं. मग मांडीच्या हाडातल्या भोकाची जागा शोधायची वेळ आली, आणि तो पट्टा नेमका आड आला. डॉक्टरांनी एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. पंधरा मिनिटं गेली. कपाळावर घाम आला. मग त्यांनी हात पुढं केला आणि सिस्टरनं त्यांच्या हातात दातेरी तोंडाची नळी दिली. पायाखालचं बटण दाबलं की तिचं पातं गरगरायचं आणि समोर येईल ते ओढून खायचं. पडद्यावर ती नळी पट्ट्याच्या जवळ सरकताना प्रेमलाला दिसली.

"डाक्टर, बिलाचा तोंड फोरू नका!"

सिस्टर दचकली. "बोलू नका, आजी." प्रेमला तेव्हा अडतीस वर्षांची होती, पण हे भांडण तिनं पुढं ढकललं.

"चिंबोरीच्या बिलाचा तोंड फोरला की सगली माती आत परते, नि मग चिंबोरी कुठं गेली ते बापाला कलत नाय. तोंड तसाच ठेवायचा. आकडी बिलाच्या भिंतीला टेकवायची नि सरकवीत न्यायची. कड हाताला लागते. डोल्यानी शोधूच नका."

भूल देणारे डॉक्टर वर छताकडे बघू लागले. परुळेकरांनी बटणावरचा पाय काढला. आता ते बाईला झोपवायला सांगणार, असं सिस्टरला वाटलं. त्यांनी नळी परत दिली आणि पुन्हा आकडी मागितली. पट्ट्याला मधून अलगद बाजूला सारून त्यांनी आकडी हाडाच्या भिंतीला टेकवली आणि मागं मागं सरकवत नेली. काही दिसत नव्हतं. सरकवता सरकवता आकडी एका जागी अडखळून खाली उतरली. तीच हाडाची मागची कड होती. तिथून मापानं थोडं पुढं येऊन त्यांनी खूण केली, एक्स-रेच्या यंत्रावर तपासली. जागा बरोबर होती. नवा दोर जुन्या पट्ट्याच्या मधून ओवला गेला. नेहमीपेक्षा तास सव्वातास जास्त लागला, आणि बाहेर आल्यावर पाठ दुखते म्हणून डॉक्टर बाकावर आडवे झाले.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण घरी भिमाबाई होती.

क्षिप्रानं बजावून सांगितलं होतं की टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याखाली काहीही नाही. गुडघा आपल्या वजनानं खाली गेला पाहिजे, दुखलं तरी. भिमाबाईनं ते ऐकलं, मान डोलावली आणि दुपारी सून झोपली की जुन्या लुगड्यांची मऊ उशी तिच्या गुडघ्याखाली सरकवू लागली. दुखऱ्या जागेखाली मऊ काही सारायचं, एवढीच सेवा तिला जन्मभर ठाऊक. प्रेमलाला जाग यायची तेव्हा उशी लागायची. ती काढून टाकावी हे कळत होतं. पण बरं वाटायचं, म्हणून दोघींनी ते आपसात ठेवलं.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी कोनमापक लावला. पाय पूर्ण सरळ होण्याआधी पंधरा अंशांवर अडला होता. दाबला तरी पुढं जाईना. डॉक्टरांचा चेहरा पडला. "गाठ अडकली असावी. तीन आठवडे वाट बघतो. नाही सरळ झाला तर आत जाऊन तो जुना भाग काढून टाकावा लागेल. सगळा."

प्रेमलाच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर आल्यावर क्षिप्रानं एकेक गोष्ट खोदून विचारली, आणि उशी बाहेर आली. क्षिप्रानं कपाळाला हात लावला. घरी येऊन प्रेमलानं उशी सासूच्या पुढ्यात आपटली. भिमाबाई रडायलाच लागली. "मी काय वैरीन हाय तुजी?" प्रेमलालाही रडू आलं, कारण उशी आवडत होती ती तिलाच. मग तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि उशी सासूच्या हातात दिली.

"आता यावर तुमी बसा. नि मी उटली की मना हाना."

त्या दिवसापासून ओसरीवर रोज तीन वेळा तोच देखावा असे. प्रेमला खाटेवर पालथी. पाय गुडघ्यापासून खाटेबाहेर लोंबता. घोट्याला पिशवी बांधलेली, आणि पिशवीत जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या. शेजारी उशीवर भिमाबाई, पुढ्यात कोलंबीची पाटी. पाटी सोलून होईपर्यंत उठायचं नाही, असा करार. पहिल्या दिवशी प्रेमला ओरडली, दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी गोधडीचं टोक दातांत धरलं. भिमाबाई मान वर न करता कोलंबी सोलत राहिली, मध्ये पडली नाही. दोन-चार दिवसांनी ती आपणहून एकेक गोळी पिशवीत वाढवू लागली. गोटीराम कारखान्यातून आला की आधी तिला ओसरीवर उताणी झोपवून वाकून बघे, गुडघ्याखाली किती बोटं जातात. आधी तीन, मग दोन. एका संध्याकाळी एकही गेलं नाही.

तीन आठवड्यांनी कोनमापकाचा काटा शून्यावर आला. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. "अडकलेलं काही नव्हतंच," ते हसून म्हणाले, "उशीच होती ती."

पुढचं वर्ष सगळ्यांत कठीण गेलं, कारण त्यात काही घडलं नाही. नवा दोर रुजायला वेळ लागतो. प्रेमला इस्पितळात एका पायावर डोळे मिटून उभी राही आणि क्षिप्रा सेकंद मोजे. उजव्या पायावर पाच, मग बारा, मग तीस. बाजारात बसून ती रोज ओहोटीच्या वेळा विचारी आणि खाडीकडे पाठ करून बसे. तिला ओळखणारे म्हणत, प्रेमलानं आयुष्यात एवढं ऐकलेलं नाही कुणाचं.

डिसेंबर ९८मध्ये परवानगी मिळाली. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून डॉक्टर परुळेकर सारसोळ्याच्या बांधावर आले, सोबत क्षिप्रा. गोटीराम आणि भिमाबाई आधीच उभे होते. प्रेमलानं कासोटा आवळला, टोपली काखेत मारली आणि उतरली. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत, दुसरं पोटरीपर्यंत, तिसरं गुडघ्यापर्यंत. ती थांबली नाही. अर्ध्या तासात टोपलीत सात चिंबोऱ्या होत्या.

"मी खोटं बोलणार नाही," डॉक्टरांनी बांधावरून ओरडून सांगितलं. "त्या जुन्या धाग्यांमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही मला. कदाचित तसंही झालं असतं."

"तिथनं काय कलनार तुमाला?" प्रेमला ओरडली. "खाली या नि बगा."

डॉक्टरांनी बूट काढले, पँट दुमडली आणि खरंच उतरले. दहा-बारा पावलं त्यांनी खाली बघून बघून टाकली. मग उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. "सर, सांभाळून!" क्षिप्रा मागून किंचाळली, आणि गुडघ्यांचा एवढा मोठा डॉक्टर तिच्याकडे बघायला कमरेतून वळू लागला.

"वलू नका! बसा! खाली बसा!"

तो आवाज असा होता की डॉक्टर फतकल मारून बसले. छातीपर्यंत चिखल. लांबून भरतीची पहिली रेघ सरकत येत होती. प्रेमला टोपली टाकून आली. डावीकडे तिवराचे खुंट होते, म्हणून उजवाच पाय रोवावा लागला. तिनं त्यांच्या दंडाला धरलं, "बोटं खाली करा," म्हणाली आणि ओढलं. क्षणभर दोन माणसांचा सगळा भार त्या एका गुडघ्यावर आला. बांधावर भिमाबाईनं गोटीरामचा हात घट्ट धरला. पायाखालचा चिखल सरकला, गुडघा थोडा वाकला, आपोआप सावरला आणि उभा राहिला. फचकन आवाज करत डॉक्टरांचा पाय बाहेर आला.

डॉक्टर धापा टाकत तिच्याकडे बघत राहिले. चष्म्याच्या एका काचेवर चिखल होता, तरी त्यांनी नेमकं पाहिलं होतं.

"प्रेमलाबाई, पाय सरकला तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. खाली बघितलंच नाहीत."

"कशाला बगू?" प्रेमला म्हणाली. "पाय हाय ना तिथं."

आणि डॉक्टरांना बांधाच्या दिशेनं उभं करून ती कलंडलेली टोपली उचलायला गेली. चार चिंबोऱ्या सटकल्या होत्या, आणि भरती पोचायला अजून थोडा वेळ होता.